मागच्या डाव्या दाराचा आवाज

पाकीट माझ्या घरी आलं, ते माझ्या दारात उभ्या असलेल्या गाडीबद्दल होतं, पोचपावतीवर पोस्टमननं सही माझीच घेतली, आणि त्यावर नाव मात्र मेजर अहलुवालियांचं होतं. आत छावणीच्या कचेरीचं पत्र. आपले फिकट निळ्या रंगाचे फियाट वाहन गल्लीत उभे आढळते, आपण सध्या या छावणीचे रहिवासी नाही, सबब तीस दिवसांत वाहन हलवावे, अन्यथा ते उचलून आवारात जमा करण्यात येईल. मी पत्र दोनदा वाचलं. चौदा वर्षं दर रविवारी चर्चला जाण्यापूर्वी जी गाडी मी पुसत आलो, ती सरकारच्या लेखी दुसऱ्याच माणसाची होती, आणि वाईट म्हणजे सरकारचं बरोबर होतं.

नगरला लागून असलेल्या भिंगारच्या छावणीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. इथे लष्करी अधिकारी येतात, तीन वर्षं राहतात आणि बदलीचा हुकूम आला की आठवड्यात जातात. जाताना जे ट्रकमध्ये मावत नाही ते आम्ही विकत घेतो. त्यामुळे आमच्या गल्लीत प्रत्येक घरात कुणा ना कुणा साहेबाचं काहीतरी आहे. शेजारच्या भीमराज साळव्याकडे एका ब्रिगेडियरची आरामखुर्ची आहे आणि तिच्यावर तो स्वतः सोडून कुणालाही बसू देत नाही. माझा मेहुणा जस्टिन याच्याकडे एका कर्नलचा कुत्रा होता; आता त्याची नातवंडं आहेत आणि ती अजून फक्त इंग्रजीत सांगितलं तरच बसतात.

माझ्या वाट्याला १९८५ साली मेजर अहलुवालियांची फियाट आली. मी लष्कराच्या बांधकाम कचेरीत ड्राफ्ट्समन, म्हणजे साहेबलोक बोटानं हवेत जे दाखवतात ते कागदावर काढणारा माणूस. मेजर मला ओळखत होते. त्यांनी गाडी नावावर करायच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, हात हलवला आणि म्हणाले, उजागरे, हिला सांभाळ. त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी मागच्या सीटवर बसली होती, ती काही केल्या उतरेना. शेवटी तिच्या आईनं तिला आइस्क्रीमचं कबूल करून खाली घेतलं. मी गाडी सुरू केली. चाचणीच्या वेळी मेजर शेजारी बसून मोठ्यानं बोलत होते, त्यामुळे जे ऐकू आलं नव्हतं ते कोपऱ्यावर वळताना पहिल्यांदा ऐकू आलं. मागच्या डाव्या दारात काहीतरी गडगडत गेलं आणि टक्‌ करून थांबलं.

आता कुणीही विचारील की फॉर्म हातात असताना चौदा वर्षं गाडी नावावर का केली नाही. हा प्रश्न मला आरटीओबाहेरच्या एजंटानं, भीमराजनं, आणि सर्वांत जास्त वेळा माझ्या बायकोनं, दीनानं विचारला. मी सगळ्यांना कामाच्या गडबडीचं कारण सांगितलं. ते खोटं होतं. खरं असं की गाडीच्या पुढच्या काचेवर मेजरांचं स्टिकर होतं. कचेरीच्या गेटवर मी सायकलनं गेलो की जवान माझं ओळखपत्र उलटसुलट करून बघायचा. तोच मी गाडीतून गेलो की टाचा जुळवून सलाम ठोकायचा. युनिटं बदलत राहिली, जवान बदलत राहिले, स्टिकरचा रंग उडाला, पण सलाम कायम राहिला. गाडी नावावर केली तर स्टिकर काढावं लागणार होतं. मी फॉर्म दीनाच्या मोठ्या बायबलमध्ये ठेवून दिले.

नोटीस आल्यावर बायबल उघडलं. यिर्मया संदेष्ट्याच्या पानांत फॉर्म होते, पण कसरीनं त्यावरची मेजरांची सही तेवढी खाल्ली होती. बाकीचा कागद तिनं शिवलासुद्धा नव्हता. मी ते घेऊन आरटीओबाहेरच्या लिंबाखाली बसणाऱ्या राधाकृष्ण एजंटाकडे गेलो. त्यानं फॉर्म उजेडात धरला आणि सहीच्या भोकातून माझ्याकडे बघितलं. त्याचं म्हणणं साधं होतं. एकतर मालकाची नवी सही आणा, नाहीतर मालक वारला असल्यास त्याचा दाखला आणा. मेजर जिवंत असावेत या कल्पनेचा मला आयुष्यात पहिल्यांदा त्रास झाला. मी त्यांच्या जुन्या पत्त्यावर तार केली, ती तिथे कुणी राहत नसल्याच्या शेऱ्यासह परत आली.

संध्याकाळी गल्लीची सभा भरली. भीमराज टेलिफोन खात्यात आहे. इंटरनेट आपल्याच तारांतून जातं, त्यामुळे त्याबद्दल बोलण्याचा पहिला अधिकार आपला, असं तो मानतो. त्यानं सांगितलं की आता पेपरात जाहिरात देण्याचे दिवस गेले. इंटरनेटवर फुकट जाहिरात टाकता येते, ती देशभर दिसते, आणि देशात कुठंतरी असा एक माणूस असतोच की ज्याला नेमकी आपली जुनी वस्तू आहे तशी, विनाकागद, सुट्या भागांसाठी हवी असते. समोरच्या रतनबाईंना सुट्या भागांची कल्पना आवडली नाही. त्यांच्या दोन्ही मुली याच गाडीतून सासरी गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाडी इकायची तर इका, पर तुकडं करनाऱ्याला देऊ नगा." मला बरं वाटलं, पण तीस दिवसांतले चार गेले होते.

मग दाराचा प्रश्न निघाला. या दाराबद्दल मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण माझी चौदा वर्षं त्यात गेली आहेत. डावीकडे वळलं की आवाज नाही, उजवीकडे वळलं की गडगड आणि टक्‌. नगरमधल्या सहा मेस्त्रींनी बिजागऱ्या आवळल्या, तेल सोडलं, कडी बदलली. मी स्वतः दाराचा उभा छेद आणि आडवा छेद काढून आवाजाची संभाव्य जागा लाल पेन्सिलीनं दाखवली होती. दाराच्या आतलं रेक्झिन फाडून बघा, असं प्रत्येक मेस्त्री म्हणायचा. पण ते मेजरांनी खास शिवून घेतलेलं, फाडायला माझं मन धजावत नसे. मुलगी आराधना लहानपणी म्हणायची की दारात कुणीतरी राहतं. ती नर्सिंगला मिरजेला गेली तरी पत्रात दाराची चौकशी करते.

भीमराजचं मत पडलं की आवाजाचा उल्लेख टाळावा. दीनाचं मत पडलं की टाळणं म्हणजे फसवणूक, आणि आपण चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी माणसं आहोत. मी दोघांच्या मधला मार्ग काढला, ज्याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला. आवाज काढूनच टाकला तर उल्लेखाचा प्रश्नच राहत नव्हता. सूर्यभान मेस्त्री शनिशिंगणापूरचा. त्याच्या गॅरेजला तो गावच्या रीतीप्रमाणे दारच लावत नाही, त्यामुळे दारांबद्दल त्याच्याकडे एक तटस्थ दृष्टी आहे. काचेच्या कडेचं रबर फाटून जी फट पडली होती, तिच्यातून त्यानं आमच्या जुन्या गादीचा कापूस तारेनं आत ठासला. दीड तास तो कापूस ठासत होता. नंतर मी गाडी उजवीकडे वळवून पाहिली. पूर्ण शांतता. का कोण जाणे, मला घरातलं कुणीतरी परगावी गेल्यासारखं वाटलं.

माळीवाड्यात जयमाला मॅडमचं टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. चौदा टाइपरायटरांच्या मध्ये त्यांनी नवा कॉम्प्युटर ठेवला होता आणि त्यावर क्रोशाचं झाकण घातलं होतं. दुपारी दोनच्या सुमाराला इंटरनेटची लाइन लागायची. मॅडमनी तीस वर्षं सरकारी परीक्षांची मुलं घडवल्यामुळे त्या माझा मजकूर जसाच्या तसा टाइप करणं शक्यच नव्हतं. त्यांनी प्रथम माझी दोन वाक्यं दुरुस्त केली आणि मग मला सरळ बसायला सांगितलं. जाहिरातीच्या पानावर गावांची यादी होती, तिच्यात नगर नव्हतं. मुंबई होतं, पुणं होतं, नाशिक होतं. पाच शतकांचं शहर, किल्ला, लष्कर, एवढं सगळं असून आम्ही यादीत नाही हे मला लागलं. मॅडमनी पुणं निवडलं. रंगांच्या यादीत फिकट निळा नव्हता, म्हणून गाडी पांढरी झाली. गाडीचा नंबर मात्र पूर्ण लिहायला लागला. शेरा या रकान्यात मी सांगितलं आणि मॅडमनी शुद्ध इंग्रजीत टाइप केलं की चारही दारे संपूर्ण आवाजरहित आहेत.

पहिले पाच दिवस काही नाही. मी रोज जेवणाच्या सुट्टीत सायकल हाणत माळीवाड्यात जायचो आणि मॅडम मान हलवायच्या. सहाव्या दिवशी तीन उत्तरं आली. एकानं मला त्याचीच गाडी घेता का विचारलं होतं. दुसरा बंगलोरहून लिहीत होता की फोटो पाठवा. तो पाठवायला लागणारं यंत्र नगरात कुणाकडे आहे हे भीमराजलाही माहीत नव्हतं. तिसऱ्या पत्राखाली नुसतं एन हे अक्षर होतं. त्यात किंमत विचारली नव्हती, मायलेज विचारलं नव्हतं, इंजिनाचं नाव नव्हतं. एकच ओळ होती: गाडीचं मागचं डावं दार उजवीकडे वळताना वाजतं का?

मी ती ओळ वाचली आणि मॅडमच्या टेबलाचा कोपरा धरला. ज्या आवाजासाठी मी छेद काढले, जो नगर जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तो आवाज इंटरनेटवरच्या एका अक्षराला ठाऊक होता. उजवीकडे वळताना, हेसुद्धा ठाऊक होतं.

गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. भीमराजला खात्री होती की हा भाव पाडायचा डाव आहे. जस्टिनला संशय होता की छावणीच्याच कचेरीतला कुणीतरी आपल्याला अजमावतोय. सूर्यभानच्या मते हा सहा मेस्त्रींपैकी एक असणार आणि त्याला कापसाच्या कामाचा पत्ता लागला आहे. रतनबाई एवढंच म्हणाल्या की ज्याला आवाज म्हाईत त्याला गाडी म्हाईत. हे मला सगळ्यांत पटलं, आणि तरीही मी भीमराजचं ऐकलं. मी उत्तर पाठवलं की नाही, कोणत्याही दिशेला वळताना कोणताही आवाज येत नाही.

दुसऱ्या दिवशी एनचं उत्तर आलं. मग ती गाडी ही नव्हे, तसदीबद्दल माफी असावी. एवढंच.

खरं सांगतो, गिऱ्हाईक गेल्याचं मला काही वाटलं नाही. मला तो माणूस कोण होता हे कळायला हवं होतं. जेवताना, कचेरीत नकाशा काढताना, सायकलवर, मी त्या एन अक्षराचाच विचार करायचो. एकदा भिंत काढायच्या जागी मी दार काढलं आणि साहेबांनी विचारलं की उजागरे, हे दार कुठं उघडतं. शेवटी दीनानं माझं ताट ओढून घेतलं आणि म्हणाली, "अहो, खरं लिहा एकदाचं. जेवणावर तरी लक्ष लागेल." तिसांतले पंधरा दिवस गेले होते.

मी मॅडमसमोर बसून कबुली दिली. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेत नापास झालो होतो. मग त्यांनी टाइप केलं: कळविण्यास खेद वाटतो की सदर आवाज अस्तित्वात असून तो तूर्त गादीच्या कापसाने दाबून ठेवण्यात आला आहे. याहून चांगलं मला लिहिता आलं नसतं. संगणकानं ते गिळलं आणि उत्तर यायला एक दिवससुद्धा लागला नाही. शनिवारी येते, पत्ता कळवा. खाली या वेळी मिस एन असं होतं, ते वाचून मॅडम पहिल्यांदाच खुर्चीतून उठल्या.

शनिवार म्हटल्यावर सूर्यभाननं हरकत घेतली. शनिवारी लोखंडाचा व्यवहार करायचा नाही, हे त्याच्या गावच्या माणसाला सांगायला लागत नाही. मी त्याला म्हणालो की तू फक्त कापूस काढायला ये, लोखंडाचं मी बघतो. तो आला, पण पाना-पक्कड झाकून लांब ठेवून बसला.

अकराच्या सुमाराला पुण्याच्या एसटीतून उतरून एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी रिक्षानं गल्लीत आली. जीन्स, खांद्याला पिशवी, गोरीपान. भीमराजनं आधीच इंग्रजीतलं स्वागताचं वाक्य तयार ठेवलं होतं. तिनं गाडी पाहिली, पुढे न बघता मागचं डावं दार उघडून आत बसली, आणि तिथूनच मला म्हणाली, "काका, मी नवनीत अहलुवालिया. आमी इथं तीन वर्सं हुतो. कापूस काडा की."

पंजाबी मेजरची ती मुलगी आमच्या गल्लीतल्या पोरांत मराठी शिकली होती आणि चौदा वर्षांत ते तिनं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. रतनबाईंनी तिला तात्काळ ओळखलं, म्हणजे तसं त्या म्हणाल्या. भीमराजचं वाक्य वाया गेलं. मी मात्र मनातल्या मनात गार पडलो होतो, कारण अहलुवालिया हे नाव छावणीच्या पाकिटावर होतं आणि ज्याच्या नावावर गाडी होती त्याची मुलगी गाडीत बसली होती.

सूर्यभाननं तिच्याच सांगण्यावरून रेक्झिनची शिवण उसवली. मी तोंड फिरवलं. कापूस निघाला, निघत राहिला, अर्धी गादी अंगणात झाली, आणि मग दाराच्या तळातून चार काचेच्या गोट्या निघाल्या. चौदा वर्षं, सहा मेस्त्री, दोन छेद, आणि चार गोट्या. नवनीतनं त्या तळहातावर घेतल्या आणि एकेक दाखवली. ही बबिना, ही सागर, ही जोधपूर. नगरच्या आधी बदल्या वर्षा-वर्षाला होत; ज्या छावणीतून बदली व्हायची, तिथं मिळालेली एक गोटी ती निघायच्या दिवशी काचेच्या फटीतून दारात टाकायची. म्हणजे आपण त्या गावाला सोडून आलो तरी गाव आपल्याबरोबर गाडीत येतं, असा तिचा हिशेब होता. चौथी हिरवी नगरची. ती तिनं टाकली तेव्हा तिला माहीत नव्हतं की गाडीच मागं राहणार आहे. ते कळलं तेव्हा ती सीटवरून उतरेना. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागल्यापासून ती दर महिन्याला इंटरनेटवर गाडीचा नंबर शोधायची; जाहिरातीत तो जुळला, पण रंग पांढरा आणि दारं बिनआवाजाची, म्हणून टाइप करताना नंबर चुकला असेल असं तिला वाटलं होतं. मी उसवलेलं रेक्झिन गोळा करून ठेवलं.

चहा झाला. आता बोलायलाच हवं होतं. मी नोटीस तिच्यापुढे ठेवली, भोक पडलेला फॉर्म ठेवला आणि किल्ली ठेवली. म्हणालो, कायद्यानं गाडी तुझ्या वडिलांची आहे. तू आत्ता घेऊन गेलीस तरी मला काही बोलता यायचं नाही. दीना दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. नवनीतनं विचारलं, "मग काका, इतकी वर्सं नावावर का न्हाई केली?"

तिथं भीमराज होता, जस्टिन होता, बायको होती. कामाच्या गडबडीचं कारण अगदी जिभेवर आलं होतं. पण एकदा कापूस ठासून काय झालं ते मी पाहिलं होतं. म्हणून सलामाचं सांगितलं. स्टिकरचं सांगितलं. सायकलवर ओळखपत्र मागतात तेही सांगितलं.  मग नवनीत म्हणाली, "पप्पापन त्या सलामासाठी गेटातनं दोनदा जायचे, काका. मम्मी लई चिडायची."

तिनं किल्ली माझ्याकडे परत सरकवली. गाडी तिला नकोच होती. पुण्यात ठेवायला जागा नव्हती आणि तिला गाडी चालवताही येत नव्हती. मेजर, म्हणजे आता निवृत्त कर्नल, जालंधरला होते. राधाकृष्णकडून आणलेले कोरे फॉर्म ती त्यांच्या सहीसाठी बरोबर घेऊन गेली. तीन गोट्या तिनं पिशवीत टाकल्या आणि हिरवी फटीतून पुन्हा दारात सोडली. नगरची नगरलाच राहू दे, म्हणाली. सूर्यभान खूश झाला, कारण शनिवारी लोखंड इकडचं तिकडे झालं नव्हतं, नुसती काच गेली होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी जालंधरहून रजिस्टर पाकीट आलं, आणि या वेळी त्यावर नाव माझं होतं. फॉर्मवर सह्या, आणि एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं की उजागरे, हिला सांभाळल्याबद्दल आभार. तिसाव्या दिवशी आरटीओची पावती छावणीच्या कचेरीत दाखवली. कारकुनानं रजिस्टरमध्ये अहलुवालिया खोडून माझं नाव लिहिलं आणि मला लाइटबिलाची प्रत मागितली. जाहिरात अजून इंटरनेटवर आहे. ती काढायची कशी हे मॅडमना सापडत नाही, त्यामुळे पांढऱ्या फियाटची पुण्यात चौकशी चालूच असते.

आरसी बुक हातात आलं त्या सकाळी मी ब्लेडनं स्टिकर खरवडलं आणि गाडी घेऊन कचेरीला निघालो. गेटाशी उजवीकडे वळलो. दारात एकच गोटी गडगडत गेली आणि टक्‌ करून थांबली. जवानानं हात आडवा केला. सलाम नाही, काही नाही. कागज दिखाइए, म्हणाला. मागे दोन स्कूटर आणि साहेबांची जीप थांबली होती, तरी मी घाई केली नाही. मी पुस्तक काढलं, पान उघडून त्याच्या हातात दिलं. त्यानं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, आमोस यशवंत उजागरे, आणि विचारलं की आप ही हैं क्या. मी म्हणालो, हो, मीच.